खातं तिचं, मोबाइल कोणाचा?

मध्य प्रदेश सरकार लाडली बहना योजनेत बायकांच्या खात्यात दरमहा रोख रक्कम टाकतं. तिच्यावर आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जो वाद होतो, त्याला दोनच बाजू असतात. एक म्हणते, करदात्यांच्या पैशाने मतं विकत घेण्याचा हा उद्योग आहे. दुसरी म्हणते, गरीब बाईच्या हातात चार पैसे पडले तर कोणाचं काय बिघडलं? गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, शहरातल्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या ओसरीवर हे बोलणं मी पुष्कळ ऐकलं आहे, आणि दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात. पण एक गोष्ट दोघंही न तपासता धरून चालतात: पैसे तिच्या खात्यात जमा झाले, म्हणजे ते तिला मिळाले. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. ते खातं चालवतं कोण, हे विचारल्याशिवाय योजना चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही. या प्रश्नावर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी चाळीसेक वर्षं काम केलं आहे, आणि त्यातला एक फार महत्त्वाचा प्रयोग आपल्याच उत्तर मध्य प्रदेशातल्या गावांमध्ये झाला. त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही, याची मला खंत वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी योजनेचे आकडे. १० जून २०२३ला पहिला हप्ता पडला, १००० रुपयांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून १२५० झाले, नोव्हेंबर २०२५पासून १५००. लाभ घेणाऱ्या बायका सव्वा कोटींच्या घरात. साधा गुणाकार केला तरी वर्षाला वीस हजार कोटींच्या वर रक्कम जाते. एवढा पैसा उंबऱ्याच्या आत गेल्यावर त्याचं काय होतं, हे राज्याने पाहायला हवं की नको?

अर्थशास्त्रालासुद्धा उंबऱ्याच्या आत बघायला वेळच लागला. गॅरी बेकर यांनी कुटुंबाच्या अर्थकारणाची जी मांडणी केली, त्यात घराचा एक कर्ता होता. त्याला सगळ्यांची काळजी, म्हणून पैसा कोणाच्याही हातून घरात आला तरी त्याचा खर्च सारखाच होणार, असा तो हिशेब. बेकर यांना १९९२मध्ये नोबेल मिळालं आणि कुटुंब हा अर्थशास्त्राचा विषय झाला, हे त्यांचं मोठंच काम. आपल्यासारख्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ही मांडणी ओळखीचीही वाटते. अण्णांच्या हातात पगार यायचा, तिथून सगळ्यांची फी, सगळ्यांची औषधं, सगळ्यांचे कपडे. पण त्याच घरात आईने डाळीच्या डब्यात पैसे का लपवले, याचं उत्तर त्या मांडणीत नाही. अमर्त्य सेन यांनी ते दिलं. घरातली माणसं एकमेकांना धरूनही असतात आणि त्यांच्यात ओढाताणही असते. त्या ओढाताणीत ज्याच्यापाशी स्वतःची मिळकत आणि बाहेरचा आधार असतो, त्याचं म्हणणं चालतं.

हा नुसता तर्क नव्हता, हे ब्रिटनमध्ये सिद्ध झालं. तिथली गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण त्या वादातले शब्द आजही आपल्याकडे ऐकू येतात. १९४५मध्ये ब्रिटिश सरकारने मुलांसाठी कुटुंबभत्ता द्यायचं ठरवलं. विधेयकाच्या मसुद्यात तो भत्ता बापाच्या नावे होता. एलिनॉर रॅथबोन या खासदारबाई कुटुंबभत्त्यासाठी वीस-पंचवीस वर्षं लढल्या होत्या. आपलंच स्वप्न पुरं होत असताना त्यांनी सांगितलं की पैसे बापाच्या हातात जाणार असतील तर मी या विधेयकाच्या विरोधात मत देईन. संसदेने मसुदा बदलला, भत्ता आईच्या नावे झाला. पुढच्या वर्षी जानेवारीत त्या वारल्या; ऑगस्ट १९४६मध्ये आयांच्या हातात पहिली रक्कम पडली, तेव्हा त्या नव्हत्या.

पण मुलांमुळे मिळणारी करसवलत अजून बापाच्या पगारातच होती. १९७७ ते १९७९ या काळात ती टप्प्याटप्प्याने काढून तेवढी रक्कम आईला थेट द्यायला सुरुवात झाली. त्याआधी मंत्रिमंडळ चांगलंच कचरलं होतं. नवऱ्यांच्या पगाराचं पाकीट हलकं झालं तर ते चिडतील, ही भीती होती. घराची एकूण मिळकत जवळपास तेवढीच, फक्त नवऱ्याच्या पाकिटातली रक्कम बायकोच्या पर्समध्ये गेली. बेकर यांच्या हिशेबाने खर्चात काही फरक पडायला नको होता. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलॅक आणि टेरेन्स वेल्स यांनी १९९७मध्ये दाखवलं की पडला: पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. कपडे ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण घराच्या खर्चात कोणाच्या अंगावर काय जातं हे ओळखता येईल अशा वस्तू फार थोड्या असतात. गहू कोणी किती खाल्ला हे दुकानदाराच्या वहीत नसतं, कपडा कोणाचा हे कळतं.

दक्षिण आफ्रिकेतला पुरावा मला याहून हलवून टाकणारा वाटतो. वर्णभेदाची राजवट संपत असताना तिथलं वृद्धांचं पेन्शन काळ्या समाजालाही पूर्ण दराने मिळू लागलं. गरीब घराच्या मानाने ती रक्कम मोठी होती. एस्थर डुफ्लो यांनी त्या घरांतल्या लहान मुलांची वजनं-उंची तपासली. पेन्शन आजीला मिळत होतं त्या घरात नातींची तब्येत सुधारलेली दिसली. आजोबांना मिळत होतं तिथे तसा परिणाम दिसला नाही. घर तसंच, रक्कम तीच, आणि फरक नातीच्या दंडावर.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. बाईच्या नावे पैसे टाका आणि निश्चिंत व्हा. तसं नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोरोक्कोमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी पैसे दिले गेले, काही घरांत आईला, काही घरांत बापाला. पैसे आईला दिले की बापाला, याने मुलांच्या शाळेत जाण्यावर फरक पडला नाही. केनियात गरीब घरांना रोख रक्कम देऊन पाहिली, कधी नवऱ्याला, कधी बायकोला. तिथेही परिणामांत फारसं अंतर निघालं नाही. जे लोक बायकांच्या हक्कांसाठी बोलतात ते हे निष्कर्ष गिळून टाकतात. मला ते महत्त्वाचे वाटतात. पैसे कोणाच्या नावावर येतात आणि ते कोणाच्या ताब्यात असतात या दोन गोष्टी वेगळ्या ठरू शकतात, असा मी त्यांचा अर्थ लावते. नाव बदलून ताबा बदलला नाही, तर घरात काय बदलणार?

आता आपल्याकडचा प्रयोग. एरिका फील्ड, रोहिणी पांडे, नताल्या रिगोल, सिमोन शॅनर आणि शॅरिटी ट्रॉयर मूर यांनी सरकारी यंत्रणेला बरोबर घेऊन तो उत्तर मध्य प्रदेशातल्या १९७ ग्रामपंचायतींत केला आणि २०२१मध्ये प्रसिद्ध केला. रोजगार हमीच्या कामावर बाई जायची, माती उपसायची, आणि तिची मजुरी जमा व्हायची घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खात्यात. यात कोणी कट केला नव्हता. सरकारच्या कागदावर कुटुंब एक, म्हणून खातं एक, आणि ते पुरुषाचं. संशोधकांनी काही गावांत बायकांना फक्त स्वतःचं खातं उघडून दिलं. काही गावांत खातं दिलंच, शिवाय मजुरी थेट त्यात जाईल अशी व्यवस्था केली. काही ठिकाणी खातं कसं चालवायचं याचं छोटं प्रशिक्षण दिलं. आणि काही गावांत हे सगळं एकत्र केलं. कोणत्या गावाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून तुलना खरी होते.

ज्या बायकांना खातं, थेट मजुरी आणि प्रशिक्षण तिन्ही मिळालं, त्या नुसतं खातं मिळालेल्या बायकांपेक्षा जास्त काम करू लागल्या, रोजगार हमीवरही आणि बाहेर खासगी कामावरही. काही वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा बाईने कामाला जाणं त्यांना स्वतःला जास्त मान्य वाटू लागलं होतं. त्यांच्या नवऱ्यांनाही बायको कामाला गेली तर चार लोक नावं ठेवतील ही धास्ती कमी वाटत होती. आणि हा बदल सर्वांत जास्त दिसला तो बायकांवर ज्या घरांत जास्त बंधनं होती तिथे. घुंगट, बाहेर जायला परवानगी, "आमच्यात बायका कामाला जात नाहीत" हे ज्या भागात रोज ऐकू येतं, जिथे २०११च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९३१ स्त्रिया असताना ग्वाल्हेर जिल्ह्यात ८६४, मुरैनात ८४० आणि भिंडात ८३७ होत्या, त्या भागात हे घडलं. समाज बदलायला पिढ्या लागतात असं आपण सहज म्हणतो. इथे बदलाची सुरुवात व्हायला मजुरीच्या खात्याचा क्रमांक बदलणं आणि ते खातं हाताळायला शिकवणं एवढंच लागलं.

हे वाचल्यावर लाडली बहनाकडे पुन्हा बघा. राज्याने अर्धं काम चांगलं केलं आहे. स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं खातं हवं ही अट योग्यच होती. आपल्याकडे समग्र आयडी या राज्याच्या ओळखनोंदणीत कुटुंबाचा आठ आकडी क्रमांक आहे आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा नऊ आकडी क्रमांकही आहे. म्हणजे राज्याला घरातली प्रत्येक बाई स्वतंत्र माणूस म्हणून दिसू शकते. उरलेलं अर्धं काम मात्र कोणी हातातच घेतलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की जे बँक खातं आपण स्वतः वापरतो असं म्हणणाऱ्या बायका देशात २०१५-१६ला ५३ टक्के होत्या, २०१९-२१ला ७८.६ टक्के झाल्या. जनधन योजनेचा हा मोठाच पल्ला. पण त्याच पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका होत्या ५४ टक्के, आणि आपल्या राज्याचं प्रमाण त्याहून बरंच खाली. खात्यात पैसे आल्याचा मेसेज, ओटीपी, शिल्लक, सगळं मोबाइलवर येतं. तो मोबाइल नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असेल, तर खात्याची किल्ली त्याच्याकडेच राहिली.

मी लष्कर भागातल्या एका बँकेत काउंटरवर बरीच वर्षं काढली. बाई खिडकीशी उभी राहते, पासबुक मुलाच्या हातात असतं. "किती काढायचे?" मी तिला विचारलं तर उत्तर मुलगा देतो. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो, हे मी आवर्जून सांगेन. तिला अवघड जाऊ नये म्हणून तो पुढे होतो. पण वर्षानुवर्षं असं झालं की तिला आपल्या खात्यात किती आहे हे विचारण्याचीही सवय राहत नाही. हजीऱ्याकडच्या, बिर्लानगरच्या वस्त्यांत बँकेपेक्षा कियोस्क, म्हणजे बँकेचं छोटं सेवाकेंद्र, जवळ. तिथे तर "अम्मा, अंगूठा लगाओ" म्हटलं की अंगठा लागतो, नोटा हातात येतात. पावती मागायची असते हे किती जणींना ठाऊक आहे? किती कापले, किती उरले हे त्या पावतीवर असतं. प्रशिक्षण म्हणजे एवढंच: पावती मागा, शिल्लक विचारा, आपला नंबर जोडा, सगळे पैसे एकदम काढायलाच हवेत असं नाही. अडाणी बायकांना हे समजणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या १९७ पंचायतींकडे बघावं.

योजनेचे दोन नियम मला सरळ चुकीचे वाटतात. एक, अविवाहित बाईला ती बंद आहे. आई-वडिलांना सांभाळत पस्तिशी-चाळिशीला आलेली, शिवणकाम करणारी, शिकवण्या घेणारी मुलगी राज्याच्या लेखी बहीण नाही, कारण तिचं लग्न झालेलं नाही. इथे पुन्हा बाई मोजली जाते ती कोणाची तरी बायको, विधवा किंवा घटस्फोटिता म्हणूनच. दुसरा नियम वयाचा. साठी ओलांडली की नाव कमी होतं आणि मग गरीब वृद्धेसाठी उरतं ते सामाजिक सुरक्षा पेन्शन, जे कित्येक वर्षं ६०० रुपयांवर अडलेलं आहे. अंगातलं बळ कमी होतं, औषधं वाढतात, घरात शब्दाला किंमत उरत नाही, नेमक्या त्याच वयात तिच्या नावावरची रक्कम निम्म्याहून खाली येते. दक्षिण आफ्रिकेतल्या आज्यांचं उदाहरण समोर असताना आपण आजीलाच यादीतून काढतो, हे मला पटत नाही. ज्या जिल्ह्यांत मुलींची संख्या इतकी कमी आहे तिथे तर आजीच्या हातातला पैसा ही नातीसाठीची योजना ठरू शकते.

यावर आक्षेप येतो तो ठाऊक आहे: सरकारने घरात डोकावू नये, यातून घरं फुटतात. मी या काळजीची थट्टा करणार नाही. एकमेकांवर विश्वास टाकून चालणारी घरं मीही पाहिली आहेत, त्यांतल्याच एका घरात वाढले. पण सरकार घराच्या बाहेर होतं कधी? मजुरी कर्त्या पुरुषाच्या खात्यात टाकणं हाही घरातल्या सत्तेबद्दलचा निर्णयच होता, फक्त तो जुन्या वळणाचा असल्यामुळे कोणाला टोचला नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरवली, त्याने घरं फुटली नाहीत. रोख मदतीने माणसं आळशी होतात, हा दुसरा आक्षेप. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख-मदत योजनांचे प्रयोग एकत्र तपासले; लोक काम सोडतात असं त्यात निघालं नाही. आणि आपण काम कशाला म्हणतो? २०२४च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात, पुरुषांचे ८८. आळसाचा संशय कोणावर घ्यायचा ते आधी ठरवू.

हा प्रश्न "त्यांच्या" बायकांचा आहे असं समजून आपण मराठी मध्यमवर्गीय बाजूला उभे राहतो, त्याचंही मला बोलायचं आहे. महाराष्ट्राने १९९४मध्ये कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. आपण मध्य प्रदेशात होतो. पुण्या-नाशिकच्या आपल्या चुलत बहिणींना जो हक्क मिळाला तो ग्वाल्हेरच्या मुलींना मिळायला ९ सप्टेंबर २००५ उजाडावं लागलं. अकरा वर्षांचं हे अंतर, आणि त्या काळात इथल्या किती वाड्यांच्या वाटण्या झाल्या! त्यानंतरही हक्कसोडपत्रावर सही होतेच. भाऊबिजेला आलेली बहीण, चहाचे कप, आणि "ताई, एवढी एक सही". सही करणारीला वाटतं आपण प्रेम राखलं. माहेर तुटेल ही भीती तिला असते, भावाला नसते, आणि सेन ज्या ओढाताणीबद्दल बोलतात ती नेमकी हीच. एम.ए. झालेल्या, स्वतः नोकरी केलेल्या आपल्या काकू-मावश्यांचं एटीएम कार्ड कोणाकडे असतं, हेही जरा आठवून पाहा. म्हणून शिवपुरीच्या मजुरणीचा प्रयोग मला परका वाटत नाही.

राज्याने वीस हजार कोटी खर्च करायचं ठरवलंच आहे, तर त्याच्या एका बारीक तुकड्यात बाकीचं काम होऊ शकतं. ई-केवायसीसाठी वॉर्डात आणि पंचायतीत शिबिरं भरतातच. तिथेच बाईचा स्वतःचा मोबाइल नंबर खात्याला जोडावा. कियोस्कवर शिल्लक मोठ्याने सांगणं आणि छापील पावती देणं सक्तीचं करावं. खातं चालवायचं शिकवण्याचं काम बचतगटांच्या बायकांना मानधन देऊन सोपवावं. रोजगाराच्या प्रत्येक सरकारी कामावर मजुरी जिने काम केलं तिच्याच खात्यात जाते ना, याची पंचायतवार तपासणी व्हावी; कमावलेला पैसा तिच्या स्वतःच्या ताब्यात आला की बदल होतो, हेच तर त्या प्रयोगातून दिसलं. अविवाहित बायकांना योजनेत घ्यावं आणि साठीनंतरची रक्कम साठीआधीपेक्षा कमी असू नये. आणि सुरुवात इंदूर-भोपाळातून करू नये. परिणाम सर्वांत जास्त दिसला तो सर्वांत बंदिस्त घरांत, तेव्हा पहिली शिबिरं भिंड, मुरैना, श्योपूरला व्हावीत, आणि ग्वाल्हेर शहरातली पहिली हजीऱ्याला.